बिनकुलपाच्या सायकलींचा पहारा

पोहणाऱ्या मनुष्याच्या अंगावर खिसा नसतो आणि ज्याला खिसा नाही त्याला किल्ली जवळ बाळगता येत नाही. गोष्ट इतकी साधी आहे. परंतु ज्या क्रीडाप्रकारात स्पर्धक प्रथम पोहतो, नंतर सायकल चालवतो आणि अखेरीस धावतो, त्या ट्रायथलॉनमध्ये सायकली व इतर सरंजाम यांच्या रक्षणाची जी व्यवस्था गेल्या पन्नास वर्षांत आकाराला आली, तिचे मूळ शोधू गेल्यास ते या एका अडचणीपाशी येऊन थांबते. पहाटेच्या अंधारात स्पर्धक पाण्याकडे निघतो तेव्हा त्याची सायकल, हेल्मेट, बूट, गॉगल, पाण्याच्या बाटल्या हे सारे उघड्या आकाशाखाली मागे राहते. कुलूप लावावे, तर पाण्यातून बाहेर पडल्यापासून सायकलीवर स्वार होईपर्यंतचा प्रत्येक क्षण एकूण वेळेत धरला जात असल्यामुळे ते उघडण्याचा विलंब कोणालाच परवडत नाही. शिवाय एकाची साखळी शेजारच्या सायकलीला आडवी आली म्हणजे त्या शेजाऱ्याचीही वाट अडते. म्हणून हजार-दोन हजार सायकली, ज्यांतील कित्येकांची किंमत आज आपल्याकडील एखाद्या मोटारगाडीच्या किमतीला भिडते, एका आवारात ओळीने टांगलेल्या असतात आणि त्यांतील एकीलाही कुलूप नसते. वस्तूला कुलूप घालता येत नाही असे एकदा ठरले म्हणजे ते हद्दीला घालावे लागते. आणि हद्दीला कुलूप घालणे म्हणजे आत कोणी जावे, बाहेर काय यावे, आणि मालकाची व वस्तूची गाठ कोणत्या खुणेने पटवावी, याचा कायदा करणे होय. हा कायदा कोणी एका बैठकीत लिहून काढलेला नाही. या खेळातील माणसे जसजशी एकमेकांना अनोळखी होत गेली तसतसा तो वाढत गेला, आणि म्हणूनच त्याचा इतिहास हा बंदोबस्ताइतकाच विश्वासाचाही इतिहास आहे.

तीन क्रीडांची एकाच शर्यतीत सांगड घालण्याची कल्पना अमेरिकेच्या कितीतरी आधी फ्रान्समध्ये रुजली होती. १९२० च्या सुमारास पॅरिसच्या पूर्वेस, मार्न नदीच्या काठी अशा शर्यती होत असत आणि त्या काळच्या फ्रेंच वृत्तपत्रांत त्यांची वार्ताही येत असे. परंतु त्या परंपरेचा धागा पुढे क्षीण झाला, आणि आज जी व्यवस्था आपण जगभर पाहतो तिचा त्या नदीकाठच्या शर्यतींशी सरळ वंशसंबंध जोडता येत नाही. तो जोडावयाचा तर कॅलिफोर्नियातील सान डिएगो या बंदराच्या शहरी जावे लागते.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी, बुधवारी सायंकाळी, सान डिएगो ट्रॅक क्लबने मिशन बे या उपसागराच्या काठी एक शर्यत भरवली. जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन हे तिचे दोन कल्पक. धावणाऱ्यांच्या त्या मंडळाला आपल्या नेहमीच्या सरावात काही वैचित्र्य हवे होते, एवढाच तिचा हेतू होता. आपण एका नव्या क्रीडेचे नामकरण करीत आहोत अशी जाणीव त्यांना असण्याचे कारण नव्हते. ४६ जण आले. अंतरे लहान होती: धावण्याचे सुमारे सहा मैल, सायकलीचे पाच, आणि पोहण्याचे पाचशे यार्डांच्या आसपास; आणि क्रम आजच्या उलट, म्हणजे धावणे आधी व पाणी शेवटी. क्लबच्या पत्रकात साहित्याविषयी सूचना होती ती इतकीच की प्रत्येकाने आपली सायकल आपण आणावी. शेवटचे स्पर्धक पाण्यात असतानाच अंधार पडला आणि किनाऱ्यावर मोटारींचे दिवे लावून त्यांना प्रकाश दाखवावा लागला. ज्या शर्यतीत उजेडाचीही तजवीज आधी झालेली नव्हती, तीत सायकलींवर पहारा बसवण्याचा विचार कोणाच्या मनात येणार? बहुतेकजण एकमेकांच्या ओळखीचे होते, सायकली साध्या होत्या, आणि त्या वाळूत टाकून पाण्याकडे धावत सुटताना मागे वळून पाहण्याची कोणाला गरज नव्हती. ओळख हाच तेथला बंदोबस्त होता.

त्या ४६ जणांत अमेरिकेच्या नौदलातील एक अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी हे दांपत्य होते. पुढे कॉलिन्स यांची नेमणूक हवाई बेटांवर झाली. तेथे १९७७ साली एका सांघिक धावशर्यतीच्या पारितोषिक समारंभात पोहणारा श्रेष्ठ की धावणारा, असा वाद निघाला, त्यात बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याचे नाव निघाले, आणि कॉलिन्स यांनी त्या वादाचा निकाल लावण्यासाठी ओआहू बेटावरच्या तीन प्रचलित शर्यती एकामागोमाग एक जोडाव्यात अशी सूचना मांडली. वायकिकीच्या समुद्रातील २.४ मैलांचे पोहणे, बेटाला वळसा घालणारी सायकल-फेरी, आणि होनोलुलूची २६.२ मैलांची मॅरेथॉन या त्या तीन. सायकल-फेरीतून तीन मैल वगळून ती ११२ मैलांची केली, तर पोहणे जेथे संपते तेथून ती सुरू होऊ शकते आणि मॅरेथॉनचा आरंभ जेथून होतो त्या अलोहा टॉवरपाशी ती संपते, असा हिशोब त्यांनी बसवला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली, आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या शर्यतीत दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्हींचे परिणाम दूरवर गेले. पहिली क्रमाची. मिशन बेच्या काठी पाणी शेवटी होते. ओआहूवर ते प्रथम आले, आणि पुढे या क्रीडेने तोच क्रम कायमचा स्वीकारला, कारण दमलेल्या मनुष्याला समुद्रात उतरवण्यातला धोका उघड आहे. परंतु पाणी प्रथम आल्याबरोबर एक नवीच परिस्थिती निर्माण झाली: साऱ्याच स्पर्धकांना आपापल्या सायकली मागे सोडून एकाच वेळी, जवळजवळ निर्वस्त्र अवस्थेत, किनारा सोडून जाणे भाग पडू लागले. मालकांचा सगळा समुदाय एकाच वेळी गैरहजर, आणि त्यांची सगळी मालमत्ता एकाच जागी हजर, असा प्रसंग दुसऱ्या एखाद्या खेळात क्वचितच येत असेल.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. कॉलिन्स यांच्या शर्यतीत पाण्यापासून अन्नापर्यंत कशाचीही व्यवस्था आयोजकांकडे नव्हती. प्रत्येक स्पर्धकाने आपले साहाय्यक आणि आपले वाहन बरोबर आणावयाचे होते. स्पर्धक पाण्यात असताना त्याची सायकल त्याचा मित्र धरून उभा राही, आणि अलोहा टॉवरपाशी तो धावू लागला म्हणजे तीच सायकल तोच मित्र परत ताब्यात घेई. हवाला एका ओळखीच्या हातातून दुसऱ्या ओळखीच्या हातात जात असल्यामुळे क्रमांक, पावती, दाखला यांपैकी कशाचीच आवश्यकता नव्हती. या पद्धतीची मर्यादाही त्याच दिवशी दिसून आली. मॅरेथॉनमध्ये आघाडीवर असलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. हॅलर पुढे निघून गेला. ज्याचे सोबती चांगले त्याची शर्यत चांगली, अशी स्थिती पंधरा जणांत चालून जाते. दीडशे जणांत ती अन्यायाची होते, आणि दीड हजारांत तर रस्त्यावर केवळ गोंधळ माजवते.

संख्या वाढण्यास वेळ लागला नाही. १९७९ ची शर्यत वादळी हवेमुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली आणि तीतही पंधराच जण उतरले. सान डिएगोचा टॉम वॉरन जिंकला, आणि लिन लमेअर ही ती पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. परंतु त्या शर्यतीचे वर्णन स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड या साप्ताहिकात विस्ताराने आले आणि ते वाचून देशभरातून चौकशीची पत्रे आली. १९८० साली एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेचे कॅमेरे बेटावर पोचले. १९८१ साली व्हॅलरी सिल्क यांनी, ज्यांच्याकडे आता शर्यतीची सूत्रे होती, ती होनोलुलूच्या वाहतुकीतून काढून मोठ्या हवाई बेटावरील कैलुआ-कोना या गावी नेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये आघाडीवर असलेली ज्युली मॉस ही तरुण विद्यार्थिनी अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली, कॅथलीन मकार्टनी तिला मागे टाकून गेली, आणि मॉस रांगत रांगत रेषेपर्यंत पोचली. ते दृश्य लक्षावधी घरांत पाहिले गेले आणि त्यानंतर या क्रीडेला प्रेक्षकांची व उमेदवारांची वाण पडली नाही.

या स्थित्यंतरातच खाजगी सोबत्यांची पद्धत मोडली. पाणी, अन्न, वैद्यकीय मदत ही सारी जबाबदारी आयोजकांनी उचलली, बाहेरच्या मनुष्याकडून मदत घेणे हा नियमभंग ठरला, आणि त्याबरोबरच सायकल धरून उभा राहणारा तो मित्र कुंपणाच्या बाहेर गेला. मला वाटते, या इतिहासातील खरा सांधा हाच आहे. मित्राला बाहेर काढण्याचा अधिकार ज्याने घेतला त्याच्यावर मित्राचे कामही येऊन पडले; आणि ते काम करण्यासाठी आयोजकाजवळ ओळख नव्हती, म्हणून त्याला खुणा निर्माण कराव्या लागल्या.

या खुणांची रचना मोठी विचारपूर्वक झालेली आहे. कैलुआच्या धक्क्यावर, आणि नंतर जगातील प्रत्येक शर्यतीत, पोहण्याच्या जागेजवळ एक आवार कुंपणाने बंदिस्त केले जाते. त्याला खेळाडू ट्रान्झिशन म्हणतात. आत लोखंडी नळ्यांचे आडवे रॅक असतात, त्यांवर अनुक्रमांक चिकटवलेले असतात, आणि प्रत्येक सायकल आपल्या क्रमांकाच्या जागी बैठकीने किंवा हँडलने टांगावयाची असते. तोच क्रमांक सायकलीच्या दांड्यावर, हेल्मेटवर आणि धावताना अंगावर लावावयाच्या क्रमांकाच्या कागदावर, म्हणजे बिबवर, असतो. परंतु पाण्यातून येणाऱ्याच्या अंगावर बिब नसते, कागद नसतो, काहीच नसते. म्हणून क्रमांक त्याच्या दंडावर आणि पोटरीवर न पुसणाऱ्या शाईने लिहिला जातो, आणि मनगटाला एक पट्टा असा बांधला जातो की तो कापल्याशिवाय निघत नाही. ज्याच्याजवळ पावती ठेवण्यास जागा नाही त्याच्या देहालाच पावती करण्याची ही युक्ती आहे. पुण्यातील नाट्यगृहांच्या व चित्रपटगृहांच्या बाहेरच्या सायकल स्टँडवर एक बिल्ला हँडलला अडकवून त्याच्या जोडीचा दुसरा मालकाच्या हाती देण्याची जी रीत होती, तिच्याशी या योजनेचे तत्त्व तंतोतंत जुळते. दोन्हीकडे रखवालदाराला मनुष्याचे नाव-गाव ठाऊक असण्याची गरज नसते, जोडी जुळली म्हणजे पुरे. फरक एवढाच की स्टँडवरचा बिल्ला हरवू शकतो आणि कातडीवरचा आकडा हरवत नाही.

आवारात प्रवेश करताना सायकलीची तपासणीही होते. दोन्ही ब्रेक चालतात की नाही, हँडलच्या पोकळ टोकांना बुचे आहेत की नाहीत, कारण उघड्या नळीने पडणाऱ्याच्या अंगाला खोल जखम होऊ शकते, आणि हेल्मेटचा पट्टा शाबूत आहे की नाही, हे दाराशी पाहिले जाते. अशा रीतीने सुरक्षिततेची आणि मालकीची, दोन्ही नोंदी एकाच नाक्यावर रुजू होतात. आणि मग एकदा आत गेलेली सायकल शर्यतीचा भाग म्हणून बाहेर पडते तेवढीच; एरवी ठरलेली वेळ झाल्याशिवाय व जोडी जुळल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही.

आवाराच्या आतील शिस्तही पाहण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या सामानाला हात लावणे, ते सरकवणे, आपली जागा लांबून ओळखू यावी म्हणून फुगा किंवा निशाण बांधणे, या सर्वांस मनाई आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खुणेसाठी ठेवलेला टॉवेलदेखील अधिकारी स्पर्धकाला न कळवता उचलून नेऊ शकतात. नवख्याला हे जाचक वाटते. परंतु एकेका सायकलीमागे जेमतेम दोन-तीन फुटांची जागा असलेल्या आवारात शेकडो माणसे मिनिटामिनिटाला येत-जात असतात, आणि तेथे एकाची सरकलेली वस्तू दुसऱ्याच्या पायांतला अडथळा ठरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मनाईमागील न्याय पटतो. सायकल रॅकवरून काढण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बांधलेला असला पाहिजे, आणि सायकल पुन्हा रॅकवर ठेवल्यावरच तो सोडता येतो, हा नियम तर या क्रीडेतील सर्वांत कठोर नियमांपैकी आहे. तो डोक्याच्या रक्षणासाठी केलेला असला तरी त्यामुळे एक दुय्यम लाभ झाला: आवारात हेल्मेटशिवाय सायकल हाती धरून चालणारा मनुष्य तत्काळ पंचांच्या नजरेत भरू लागला.

येथवर ज्या सायकलींची राखण होत होती त्या मौल्यवान असल्या तरी असामान्य नव्हत्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते चित्र पालटले. १९८७ साली अमेरिकेचा बून लेनन याने योजलेले, कोपर टेकवून पुढे झुकण्याचे हँडल बाजारात आले. ट्रायथलॉनवाल्यांनी ते प्रथम उचलले आणि १९८९ साली ग्रेग लमाँड याने त्याच्याच साह्याने टूर द फ्रान्स अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली तेव्हा साऱ्या जगाचे डोळे त्याकडे वळले. त्याच सुमारास डॅन एम्पफील्ड यांच्या किंताना रू या कंपनीने आधी ट्रायथलॉनसाठी खास पोहण्याचा रबरी पोशाख आणि मग ट्रायथलॉनसाठीच आखलेली सायकल काढली. पाठोपाठ कार्बनचे सांगाडे, भरीव चाके, आणि पुढे शक्ती मोजणारी यंत्रे व विजेवर चालणारे गिअर आले. १९७४ साली वाळूत टाकून दिलेली सायकल आणि आज रॅकवर टांगलेली सायकल यांत नावापुरतेच साम्य उरले आहे. त्याबरोबर चोराचाही प्रकार बदलला. पूर्वी फार तर कोणी मुलगा फेरी मारावयास सायकल उचलून नेता. आता सुटे भाग करून दूरच्या बाजारात विकणारा, किंमत जाणणारा मनुष्य त्या आवाराकडे पाहू लागला.

मोठ्या शर्यतींत सायकल आदल्या दिवशीच आवारात जमा करावी लागते, आणि तेथून रात्रीच्या पहाऱ्याचे प्रकरण सुरू होते. जमा करण्याचे कारण व्यवस्थेचे आहे: पहाटेच्या दोन तासांत दोन हजार सायकली तपासून आत घेणे अशक्य असते. परंतु त्यामुळे एक संपूर्ण रात्र मालक एकीकडे झोपलेला आणि सायकल दुसरीकडे उघड्यावर, अशी स्थिती येते, आणि जाणता स्पर्धक तिच्यासाठी आपल्या परीने तयारी करतो. तो सायकलीवरचे छोटे संगणकयंत्र काढून नेतो. दुपारच्या उन्हात नळी फुटू नये म्हणून चाकांतील हवा थोडी कमी करतो व पहाटे पुन्हा भरतो. पावसापासून साखळीला जपतो. उरलेले सारे तो पहारेकऱ्यांवर सोपवतो. रात्रभर कुंपणाभोवती गस्त घालणारे हे लोक कोणत्याही निकालपत्रकात येत नाहीत. काही ठिकाणी ते पगारी रखवालदार असतात, पुष्कळ ठिकाणी गावातील स्वयंसेवक असतात. आणि पहाटे चार वाजता स्पर्धक हातात पंप घेऊन आवाराच्या दाराशी येतो तेव्हा त्याला आपली सायकल जागच्या जागी मिळते, ती त्यांच्या जागरणामुळे. या क्रीडेवर जेवढे लिहिले गेले आहे त्यातला दहावा हिस्सादेखील त्यांच्या वाट्याला आलेला नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

आवार एकच असेल तर पहारा सोपा. परंतु भूगोल सर्वत्र तशी मुभा देत नाही. कोना येथे पुष्कळ वर्षे पोहून आल्यावर सायकल कैलुआच्या धक्क्यावर मिळे आणि सायकल-फेरी मात्र कित्येक मैल दक्षिणेस केआउहू येथील हॉटेलच्या आवारात संपे. धावणे तेथून सुरू होऊन पुन्हा गावात येई. जर्मनीतील रोट या गावच्या प्रसिद्ध शर्यतीत, जी १९८४ पासून बव्हेरियाच्या त्या भागात भरत आली आहे, आजही पोहणे माइन-डॅन्यूब कालव्यात होते आणि सायकल सोडावयाची ती दुसऱ्याच एका जागी. अशा ठिकाणी स्पर्धकाचा सरंजाम पिशव्यांत विभागला जातो: सायकलीच्या वेळची पिशवी एक, धावण्याच्या वेळची दुसरी, आणि पहाटे अंगावरून उतरवलेल्या कपड्यांची तिसरी, तिन्हींवर तोच क्रमांक आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी रवाना होणाऱ्या. या व्यवस्थेचा सर्वांत हृद्य भाग सायकल-फेरीच्या अखेरीस दिसतो. स्पर्धक उतरण्याच्या रेषेपाशी पाय टेकतो न टेकतो तोच एक स्वयंसेवक पुढे होऊन सायकल हातात घेतो आणि ती तिच्या रॅककडे नेतो. स्पर्धक मागे न पाहता पुढे पळतो. ओआहूवरचा तो मित्र, ज्याला आयोजकांनी कुंपणाबाहेर घालवले होते, तो येथे अनोळखी माणसाच्या रूपाने परत आलेला आहे, आणि स्पर्धक आपली सर्वांत महागडी वस्तू त्याच्या हाती देताना त्याचा चेहराही पाहत नाही.

इतका बंदोबस्त असूनही त्यात एक फट राहते, आणि ती शर्यतीच्या उत्तरार्धात असते. पहाटे आवारात सर्वांची लगबग असते व सर्वांचे डोळे उघडे असतात. पोहणे व सायकल चालू असताना बाहेरच्याला आत प्रवेशच नसतो. परंतु पहिले स्पर्धक धावून परतले की आपल्या सायकली मागू लागतात, तर शेवटचे स्पर्धक अजून रस्त्यावर असतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत या दोहोंत आठ-आठ तासांचे अंतर पडते. एकाच दारातून थकलेली माणसे, त्यांचे नातलग, पिशव्या, सायकली यांची रीघ लागते. पहारेकरीही पहाटेपासून उभे राहून शिणलेले असतात. अशा वेळी कोणी दुसऱ्याची सायकल चुकून घेऊन जातो, कारण एकाच कारखान्याच्या एकाच रंगाच्या दोन सायकली शेजारी असू शकतात. आणि जे चुकीने होऊ शकते ते हेतूनेही होऊ शकते. म्हणून दाराशी मनगटावरचा पट्टा आणि दांड्यावरचा आकडा प्रत्यक्ष जुळवून पाहिल्याशिवाय कोणाही ओळखीच्या चेहऱ्याला बाहेर सोडू नये, असा सक्त शिरस्ता आहे. काही स्पर्धांत सायकल जमा करतानाच तिचे मालकासह छायाचित्र घेतले जाते, म्हणजे आकडा खोटा लावला तरी सायकल खोटी ठरत नाही. स्पर्धक स्वतः वैद्यकीय तंबूत असला तर त्याच्या माणसाने काय दाखवले असता सायकल द्यावी, हे आधी ठरवून ठेवणे मात्र अनेक ठिकाणी राहून जाते. शुश्रूषेत असलेल्या मनुष्याला सायकलीसाठी उठवून आणणे हे जितके निर्दय, तितकेच केवळ तोंडी हवाल्यावर ती सोडणे बेजबाबदार.

खरी चोरी पुष्कळदा आवाराच्या बाहेर होते. हॉटेलचा वाहनतळ, मोटारीच्या टपावरचे रॅक, रात्री रस्त्यावर उभी राहिलेली व्हॅन, या जागा चोराला आवाराहून सोयीच्या असतात, कारण तेथे मालक हाच एकटा पहारेकरी असतो आणि तो प्रवासाने दमलेला असतो. ट्रायथलॉनच्या शेजारच्या क्रीडेतील एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर फ्रान्समधील रुबे येथे जागतिक ट्रॅक सायकल अजिंक्यपदाच्या वेळी इटलीच्या संघाच्या २२ सायकली त्यांच्या व्हॅनमधून रात्री चोरीला गेल्या. फिलिप्पो गान्नाची सोनेरी सायकल त्यांत होती. त्या पुढे रुमानियात पोलिसांच्या हाती लागल्या. जगज्जेत्यांच्या सायकली क्रीडांगणात सुखरूप होत्या. त्या गेल्या मुक्कामावरून.

ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा प्रवेश २००० साली सिडनी येथे झाला आणि तेथील ऑपेरा हाउसच्या पायथ्याशी ट्रान्झिशन उभारले गेले. परंतु तेथे एका शर्यतीत पन्नासच्या आसपास स्पर्धक असतात व भोवती राज्यसत्तेचा सारा पहारा असतो, त्यामुळे आपल्या प्रश्नावर त्याचा फारसा प्रकाश पडत नाही. हवाल्याची खरी कसोटी सामान्य स्पर्धकांच्या शर्यतीत लागते, जेथे वैद्य, शिक्षक, पोलीस अंमलदार, गृहिणी आपल्या बचतीतून घेतलेली सायकल घेऊन येतात आणि ती गेली तर दुसरी घेण्यास त्यांना काही वर्षे थांबावे लागेल.

ही परंपरा आपल्याकडे अलीकडे आली. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या काठी ट्रायथलॉन भरू लागली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील अनेकांनी रॅक, क्रमांक आणि मनगटाचा पट्टा यांचा हा विधी प्रथम अनुभवला. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशा अंतरांची शर्यत झाली आणि लष्करातील बिश्वरजित सायखोम ती जिंकला. मधली दोन वर्षे साथीमुळे खंड पडून ती २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर येथून सायकली पेट्यांत बांधून किंवा मोटारीवर लादून गोव्याकडे नेणाऱ्यांची आता चांगली मोठी संख्या झाली आहे. त्यांच्यापुढे परदेशी नियमपुस्तकात नसलेलेही काही प्रश्न आहेत. परतीच्या पावसाची सर आली तर रात्रभर उघड्यावर टांगलेल्या सायकलीची साखळी व गिअर यांचे काय. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या पडलेल्या लोखंडी भागांचे काय. आणि रविवारी सकाळी मिरामारला सहज फिरावयास आलेल्या शेकडो लोकांना, जे कुतूहलाने कुंपणाशी येऊन सायकलींना हात लावून पाहतात व ज्यांच्या मनात कसलाही वाईट हेतू नसतो, त्यांना न दुखावता दूर कसे ठेवावे. पहिल्या दोहोंची काळजी स्पर्धक स्वतः घेऊ शकतो. तिसऱ्यासाठी कोकणी व मराठी बोलणारा, गर्दीची नस ओळखणारा आणि पहाटेपासून दुपारपर्यंत एका जागी उभा राहण्याची तयारी असलेला स्थानिक स्वयंसेवक लागतो, आणि त्याला नेमताना आयोजकांनी दुपारी तीनच्या दारावर पहाटे पाचच्या दाराइतकीच माणसे तैनात करावीत.